अर्धा फेटा

मालिकेत फजितीचा प्रसंग जवळ आला की आमची माय उठायची. तिला तो आधी कसा कळायचा, देव जाणे. पडद्यावर सगळे अजून चहा पीत हसतखेळत बसलेले असायचे, पण हिचा जीव खालीवर व्हायला लागायचा आणि ती चुलीकडे निघून जायची. तव्यावर भाकरी नसली तरी उगाच भांडी इकडची तिकडं करायची आणि तिथूनच विचारायची, "झालं का त्याचं?" आम्ही "झालं" म्हणालो की पदराला हात पुसत परत यायची. एकदा मी तिला विचारलं, "माय, तू काहून उठतीस?" तर म्हणाली, "मला कानकोंडं होतं." दुसऱ्याची फजिती बघताना आपलेच कान गरम होतात, कुठं बघावं कळत नाही, त्याला आमच्या घरात हा शब्द होता. माझी नात परवा मोबाईलवर मला काहीतरी दाखवत होती. हॉटेलात एक माणूस भलत्याच बाईला आपली होणारी बायको समजून तिच्यापुढं गुडघ्यावर बसला होता. नात म्हणाली, "आजी, किती क्रिंज आहे ना." मी म्हटलं, म्हणजे काय ग? तिनं खांदे आकसून, बोटं वाकडी करून दाखवलं. म्हटलं, असं होय, हे तर कानकोंडं. तर म्हणते, नाही आजी, यात मजा असते. जशी काही आम्हाला मजा नव्हतीच येत.

मजा तर इतकी यायची की आठवडाभर त्या संध्याकाळची वाट बघायचो. तेव्हा आखाडा बाळापूर परभणी जिल्ह्यात होतं. मोठ्या रस्त्यालगत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान, आणि त्याच्याच पाठीमागं आमच्या दोन खोल्या. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, कधी एसटीच्या टपावरून यायच्या. दादा त्यांची जळकी तार उलगडून काढायचे आणि नवी भरायचे. घरभर वॉर्निशचा वास असायचा, भाकरीलासुद्धा तो लागायचा, आणि बाहेरून आलेली माणसं नाक मुरडायची तेव्हा आम्हाला कळायचं की वास येतो आहे. टीव्ही दादांनी नांदेडहून बिघडलेला आणला होता आणि कुणाकुणाला विचारत, खटपट करत स्वतःच चालू केला होता. व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि आतली माणसं बुटकी व्हायची. माय म्हणायची, बिचाऱ्यांनी थंडीनं अंग चोरलंय.

मालिका हिंदी होती. नाव सांगण्यासारखं काही नाही, तसल्या पुढं पुष्कळ आल्या. तिच्यात एक कारकून होता, त्याला आम्ही नुसतं "सायब" म्हणायचो. माणूस मनानं चांगला, पण जिथं जाईल तिथं माती खायचा. बारशाला म्हणून पेढे घेऊन जायचा आणि ते घर निघायचं दुखवट्याचं. भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसून शेजाऱ्याजवळ नवरदेवाची चहाडी करायचा आणि शेजारी निघायचा नवरदेवाचा बाप. मागून माणसं हसल्याचा आवाज यायचा. ही माणसं कुठं बसलेली असतात, असं मायला फार दिवस कोडं होतं. तिला वाटायचं की मुंबईत पुष्कळ लोक कामधंदा सोडून हसायलाच बसलेले असतील. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, भिंतीला टेकून भरतकाम करत तिरप्या नजरेनं बघायची. मी तोंडावर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघायची. आणि दादा सगळ्यांत पुढं, खुर्ची टीव्हीला भिडवून. त्यांचं हसू आधी खांद्यांत यायचं, आवाज नाही, नुसते खांदे हलायचे, मग ठसका लागायचा आणि मग डोळ्यांतून पाणी. मायला ते आवडायचं नाही. "दुसऱ्याची इज्जत चालली आन् तुमी हसून राहिले," म्हणायची. दादा म्हणायचे, "अगं, आपली न्हाई ना गेली. म्हनून तर हसू येऊन राहिलं." मला वाटतं, त्या सगळ्या मालिकांचं मर्म ते एवढ्यात सांगून गेले.

अक्काला तेव्हा स्थळ आलं होतं हट्टा गावचं. घर खातंपितं, मुलगा प्रकाश तालुक्याला सोसायटीत नोकरीला. बघणं झालं होतं, पसंती आली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात त्यांच्याच घरात, मुलाच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि आम्हाला आग्रहाचं आमंत्रण आलं. अक्काचं अजून पक्कं नव्हतं, म्हणून ती घरी थांबली. माय, मी आणि दादा गेलो. दादांनी नवी टोपी घातली होती आणि हातांना लागलेलं वॉर्निश रॉकेलनं घासघासून काढलं होतं. एसटीतून उतरल्यावर मुलाचे वडील स्वतः सामोरे आले. ते मोठ्या आवाजाचे, हसऱ्या तोंडाचे, पोट सुटलेले गृहस्थ होते. दादांचा हात धरून म्हणाले, "आज तुमचा मान करायचा हाय बरं का आमाला." पाहुण्याला माणूस असं म्हणतच असतो. दादांनी ते मनावर घेतलं, आणि का घेऊ नये, त्यांच्या मुलीचं त्या घरात जमत होतं.

आता पुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात औंढ्याचा नागनाथ घरोघरचा देव आहे. त्यामुळं दर दोन घरांआड एक नागोराव, नाहीतर नागनाथ, नाहीतर नागोबा असतो. भर बाजारात "ओ नागोराव" अशी हाक मारली तर चार माणसं वळून बघतात आणि चौघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या दादांचं नाव नागोराव. आणि बाळापूरलाच कापसाच्या जिनिंगवाले एक नागोराव होते, बाजार समितीत वजन असलेले, लग्नाला जीपमधून येणारे. तेही त्या मांडवात आले होते. ते मागं कुठंतरी पुढाऱ्यांच्या घोळक्यात उभे होते, आम्ही त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी सत्कार असतात. नवरा-नवरी ताटकळत उभी, ऊन डोक्यावर, आणि माईकवरून एकेका मान्यवराचं नाव पुकारलं जातं. तो स्टेजवर जातो, फेटा बांधणारा त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळतो, नारळ देतात, टाळ्या. माईकवर गावातला एक हौशी माणूस होता. त्यानं घसा खाकरून म्हटलं, "आखाडा बाळापूरचे आदरणीय नागोराव यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं." दादा उठले. मी बायकांच्या बाजूला मायजवळ बसले होते. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "माझे दादा." दादा सतरंजीवरून माणसांमधून वाट काढत, दोन्ही हात जोडत निघाले. स्टेजच्या पायरीवर त्यांनी वहाणा काढल्या. फेटेवाल्यानं टोपी काढा म्हटलं, त्यांनी काढली आणि जवळ उभ्या असलेल्या प्रकाशच्या हातात दिली. मान खाली घातली. फेट्याचे चार-पाच वेढे पडले असतील तेव्हा मागून कुणीतरी धावत आला आणि माईकवाल्याच्या कानाला लागला. माईकवाल्यानं माईक बाजूला न घेताच म्हटलं, "तुमी न्हाई हो पाव्हनं, दुसरे नागोराव."

कर्णे चिंचेच्या झाडाला बांधलेले होते, त्यामुळं ते वाक्य गावभर गेलं असेल. आधी पोरं हसली, मग मांडवाच्या त्या बाजूची माणसं, मग सगळेच. मुलाचे वडील तर मांडीवर थापा मारून हसत होते. खरं सांगायचं तर त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, लग्नघर होतं, माणसं उन्हानं कंटाळली होती आणि त्यांना काहीतरी हवंच होतं. पण फेटेवाल्याकडं तो एकच जरीचा फेटा होता. त्यानं तो उलगडायला सुरुवात केली. आणि दादा, आयुष्यभर लोकांना मदत करायची सवय असलेला माणूस, कापड अडकू नये म्हणून स्वतःच जागच्या जागी गोल फिरायला लागले. त्यांच्या तोंडावर एक हसू होतं. ते कुणासाठी होतं ते मला आजही कळत नाही. मायला तिथं उठून जायला चूल नव्हती. तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोटांच्या फटीतून नाही, उघड्या डोळ्यांनी बघत होते, कारण मी डोळे झाकले असते तर दादा तिथं एकटे पडले असते, असं मला वाटलं. फेटा निघाला. प्रकाशनं टोपी पुढं केली, नुसती दिली नाही, झटकून नीट घडी फुगवून दिली. दादांनी ती घातली, वहाणा घातल्या आणि जागेवर येऊन बसले. नंतर पंगतीला बसून त्यांनी बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली.

घरी आल्यावर अक्कानं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मी रडत सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "टोपी कोन दिली म्हनलीस?" मी सांगितलं. ती पुन्हा भरतकामाला लागली. मायला मात्र वाटत होतं की आता स्थळ मोडणार. ते नाही म्हणतील असं नव्हे, पण आपण तिथं कोणत्या तोंडानं जायचं? पोरगी उभा जन्म त्या घरात "अर्ध्या फेट्याची लेक" म्हणून राहील. दादा म्हणाले, "हसतील त्यांचे दात दिसतील." पण ते जमिनीकडं बघत म्हणाले, आणि त्या दिवसापासून दुकानात एकटे असले की मोटार पुढ्यात घेऊन नुसते बसून राहायला लागले.

मालिकेची संध्याकाळ आली. टीव्ही लावावा की नाही हे कुणी बोलेना. माय तर सरळ म्हणाली की मोटारी जळतात तशी ही पेटीपण जळाली तर बरं. दादांनीच उठून बटण दाबलं. सायब त्या दिवशी कुठल्यातरी बढतीच्या जेवणात भाषण करत होता आणि बढती त्याची नव्हती. माय उठून गेली. मागची माणसं हसत होती. दादा हसले नाहीत. त्यांचे खांदे हलले नाहीत. खुर्ची टीव्हीला भिडवून, हनुवटीला हात लावून ते बघत होते, जशी एखादी मोटार उघडून बघावी तसे. कुठं थांबतो, कुठं मान तिरकी करतो, आपण चुकलो हे कळल्यावर किती वेळ तोंड उघडं ठेवतो. मला भीती वाटली. आपल्या घरातलं काहीतरी त्या पेटीत गेलं आहे आणि आता बाहेर यायचं नाही, असं काहीतरी वाटलं.

सुपारीला ती मंडळी आमच्याकडं आली तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं. त्यांच्या बायका एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या. मुलाच्या वडिलांचे ओठ हसू दाबून दाबून थरथरत होते. विषय काढावा तर वाईट, न काढावा तर पोटात मावेना. तेव्हा दादा उठले. म्हणाले, "इवाई, त्या दिवशीचं तुमी लांबून पाह्यलं. जवळून काय झालं ते सांगतो." आणि त्यांनी सगळं करून दाखवलं. स्टेजवर चढणं, मान वाकवणं, फेटेवाल्याचं तोंड, माईकवाला. मध्येच थांबणं, मान तिरकी करणं, तोंड उघडं ठेवणं, सगळं सायबाचं. आणि शेवटी स्वतःभोवती गोल फिरून दाखवलं. "मी म्हनलं त्याला, बाबा, उजवीकून सोडतूस का डावीकून? आपला धंदाच हाय, तार निघती कशी ते मला इचार." हे ते त्या दिवशी बोललेच नव्हते. पाहुणे लोळायचे बाकी राहिले. इवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी दादांना मिठी मारली, म्हणाले, असा इवाई पाह्यला न्हाई. सुपारी फुटली. दादांचे कान लालबुंद झालेले मला दाराआडून दिसत होते. माझ्याजवळ उभ्या असलेल्या अक्काच्या हातात साखरेची वाटी होती. ती मला म्हणाली, "दादांना सांग, हे पुन्हा करू नका म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दादा जळकी तार ओढून काढत होते. मी अक्काचा निरोप सांगितला आणि माझ्या पदरचंही थोडं बोलले, की तुम्ही स्वतःचा तमाशा का करता, तुम्हाला तकलीफ होत नाही का. ते तार ओढतच राहिले. मग म्हणाले, "व्हती ना, न व्हायला काय झालं? पर आसं हाय बाई, मी सांगतलं तर ते मला हसतेत. मी न्हाई सांगतलं तर तिला हसतील." मी तेच जसंच्या तसं अक्काला सांगितलं. त्यानंतर अक्कानं त्यांना कधीच अडवलं नाही.

लग्न झालं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं झालं. प्रकाशभाऊजींनी अक्काला फुलासारखं नाही, पण माणसासारखं वागवलं आणि ते जास्त अवघड आहे. सासरा मनानं दिलदार होता. पण त्या घरात काही कार्य निघालं, बारसं असो, वास्तुशांत असो, की पंगत उठल्यावर ते म्हणायचेच, "इवाई, ते फेट्याचं होऊन जाऊ द्या." आणि दादा उठायचे. दर वेळी गोष्ट रंगत गेली. जीपवाले नागोराव तिच्यात बोलायला लागले, नवरदेवाचा घोडा आला, भटजी आला. पुढं पुढं अक्काची मुलंसुद्धा आजोबांना हात धरून उठवायची. दादांना त्यात सुख मिळायला लागलं होतं का? मी हे स्वतःला फार वेळा विचारलं आहे. कधी वाटतं, हो, माणूस कशातही रमतो, आणि चारचौघांत टाळी मिळणं काही वाईट नाही. कधी त्यांचे कान आठवतात. अक्का त्या वेळी कधीच खोलीत थांबली नाही. तीही मायसारखी आत निघून जायची, फरक एवढाच की माय विचारायची तरी, झालं का त्याचं म्हणून.

मी अजून असल्या मालिका बघते. आता तर त्या रोज, मागाल तेव्हा, हातातल्या मोबाईलवर. नातीला वाटतं आजीला कळत नाही, पण मला सगळं कळतं आणि हसूही येतं, अगदी ठसका लागेपर्यंत. दादांचंच हसू माझ्यात आलं आहे. फक्त हसता हसता माझी नजर त्या फजित झालेल्या माणसावरून सरकते आणि मागच्या गर्दीत काहीतरी शोधायला लागते. त्याची कुणी मुलगी आहे का तिथं, बायको आहे का. बहुधा नसतेच. लिहिणाऱ्यांनी शहाणपणानं त्याला एकटाच ठेवलेला असतो, नाहीतर कुणाला हसता आलं नसतं.

दादा गेले ते शांतपणे, दुखणं फार न काढता. तेरवीला हट्ट्याची सगळी मंडळी आली होती. इवाई आता म्हातारे झाले होते, काठी टेकत आले, आणि दादांच्या फोटोसमोर खरोखर रडले. जेवणं झाली. ओसरीत माणसं पान खात बसली. दुःखाच्या घरीही असं होतं, पोटात अन्न गेलं की आठवणी निघतात आणि आठवणीत जरा उजेड येतो. इवाई डोळे पुसत म्हणाले, "काय मानूस व्हता. ते फेट्याचं जे सांगायचे ना..." सगळ्यांचे चेहरे आधीच सैल झाले. कुणीतरी खुदकन हसलंसुद्धा. इवाई काठी बाजूला ठेवून उठायला लागले, बहुतेक ते फिरणं दाखवायला.

अक्का बायकांत बसली होती. ती आत गेली नाही. जागेवरूनच, आवाज न चढवता म्हणाली, "मामा, ते तसं नव्हतं."

इवाई थांबले. सून त्यांना इतक्या वर्षांत चारचौघांत असं बोलली नव्हती. अक्का म्हणाली, "माईकवर बाळापूरचे नागोराव म्हनले. माझे दादा बाळापूरचे, आन् त्यांचं नाव नागोराव. त्यांना बलावलं, म्हनून ते गेले. मग त्यांच्या डोक्याचा फेटा सोडला. एवढंच झालं."

कुणी हसलं नाही. ओसरीतल्या सगळ्यांनी ती गोष्ट शंभर वेळा ऐकली होती आणि तरी ती त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ते बसले होते. इवाई हळूच खाली बसले. म्हणाले, "व्हय. बराबर हाय. त्यात त्यांचं काय चुकलं." आणि मान खाली घालून राहिले. मी अक्काकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. हे ऐकायला दादा पाहिजे होते असं मला फार वाटलं. पण दादा होते तोवर तिला हे बोलता येत नव्हतं.